पावण्याचं प्रमोशन आणि आमचा चेकर

चेकर गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या बोर्डाला त्यांचा फोटो मिळेना. माझा धंदाच डिजिटल बोर्ड छापायचा, आणि दुकान त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर. म्हणजे घरमालकाचा शेवटचा बोर्ड माझ्याच मशीनवर निघणार होता. काकूंनी वरून फोटोंची पत्र्याची पेटी आणून दिली. लग्नं, बारशी, तालमीचे कार्यक्रम, सगळीकडं चेकर होते. पण कॅमेऱ्याकडं बघतायत असा एक फोटो असेल तर शपथ. मान वाकडी आणि डोळे शेजारच्या माणसाच्या तोंडावर. स्वतःच्या लग्नात तर भटजींकडं असे बघतायत, की हा माणूस एखादं मंगलाष्टक गाळणार अशी त्यांना पक्की खबर असावी. शेवटी नोकरीतल्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यातही डावा डोळा जरा बारीकच आहे.

उभा जन्म त्यांनी एसटीच्या गाड्यांत तिकिटं तपासली. आडरानात हात करून गाडी थांबवायची, चढायचं आणि माणसं धरायची. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी अख्खी पेठ त्यांना चेकरच म्हणायची. मी मात्र तोंडावर 'मालक' म्हणायचो, कारण भाडेकरू होतो.

त्यांचं शास्त्र ते मला फुकट शिकवायचे. दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायचे, सुपारी कातरायचे आणि बोलायचे. "तिकीट नंतर बघायचं, मर्दा. आधी माणूस बघायचा. गाडीत चढलं की जो खिडकीभाईर बघतोय त्याला धरायचा. आन जो हसून 'या सायेब' म्हणतोय, त्याला पैला धरायचा."

पण खरी मेख त्यांच्या विचारण्यात होती. 'तिकीट काढलंस का?' असं त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "काढलं का न्हाईस?" समोरच्याला वाटायचं, झालं, ह्याला सगळं कळलंय. मग तो आपसूक बोलून जायचा. एकदा दूधवाल्याला त्यांनी सहज विचारलं, "आज पाणी कुठल्या नळाचं घातलंस?" दूधवाला बिचारा वारणेकाठचा साधा माणूस, छातीवर हात ठेवून म्हणाला, "नळाचं न्हाय वो, घरच्या हिरीचं हाय. सोच्छ." मी हसून हसून मशीनवर पडलो. चेकर हसले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडं 'बघितलंस?' अशा नजरेनं बघितलं आणि सुपारी तोंडात टाकली.

मलाही त्यांनी असंच उलगडलं होतं. दुकान भाड्यानं मागायला गेलो, तर पहिला प्रश्न, "आधीच्या मालकासंगं भांडलास कशावरनं?" मी म्हटलं, "बोर्ड रस्त्यावर वाळत घालतो म्हणून." म्हणजे भांडण झालं हे मीच सांगून मोकळा. तरी दुकान दिलं. म्हणाले, "खोटं बोलाय येत न्हाय तुला, ऱ्हा." ह्या वाक्याचा मला पुढं फार त्रास झाला.

संशयातून त्यांनी देवालाही सोडलं नाही. एकदा काकूंना घेऊन आम्ही नृसिंहवाडीला गेलो. चपला चोरीला जातात म्हणून ह्यांनी एक चप्पल एका पेढेवाल्याकडं ठेवली आणि दुसरी दुसऱ्याच दुकानात. दर्शन घेऊन आलो तर दुसरं दुकान कुठलं ते आठवेना. वाडीत तर सगळी दुकानं पेढ्यांचीच. तासभर हा माणूस एका पायात चप्पल घालून प्रत्येक दुकानदाराला विचारतोय, "माझी चप्पल कुणाला दिलीस?" काकू डोक्याला हात लावून घाटावर बसल्या होत्या.

आता फुटबॉलचं सांगतो. आमच्याकडं पेठेपेठेला तालीम असते. नावाला कुस्तीचा आखाडा, मारुती, दोन मुद्गल. पण पेठेचा जीव असतो तो तालमीच्या फुटबॉल टीममध्ये. आमची एक पेठ आणि रस्ता ओलांडला की दुसरी. नावं घेत नाही, मला ह्याच गावात धंदा करायचाय. मधला रस्ता वीस पावलांचा आहे, पण मॅचच्या दिवशी तो ओलांडायला जिगर लागते.

चेकर एकही मॅच चुकवायचे नाहीत, आणि त्यांनी एकही मॅच बघितली नाही. ग्राउंडकडं पाठ करून ते गॅलरीच्या पहिल्या पायरीवर बसायचे, तोंड आमच्याकडं. खाली गोल झाला की गॅलरी उसळायची, हलगी कडाडायची, आणि चेकर शांतपणे बघायचे की कोण उशिरा उठला. मध्यंतराला आमच्यापैकी एखाद्याजवळ येऊन म्हणायचे, "पैल्या गोलाला बसूनच हुतास की रं. कुणाचा माणूस हायस तू?" तो गयावया करायचा, "आवो चेकर, पायाला मुंग्या आल्यात्या!" आम्ही सगळे गोल झाला की आधी उठायचो आणि मग गोल बघायचो. ऑफसाइड असला तरी उठायचो.

असा माणूस पेठेनं दूर ठेवायला पाहिजे होता. झालं उलटंच. तालमीची किल्ली त्यांच्याच कमरेला. आमच्यात एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही; पण चेकरचा कुणावरच नाही, म्हणून सगळ्यांचा त्यांच्यावर. आमच्याकडं रीत अशी, की मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी दिवे लागायला कोच जर्सी घेऊन तालमीत येतो. जे खेळणार त्यांच्याच जर्सी मारुतीपुढं मांडतो, अध्यक्ष हार घालतात, आणि दार बंद. आत कोण कोण? कोच, अध्यक्ष आणि किल्लीवाला. कुठल्या नंबरची जर्सी मांडली आणि कुठल्या नंबरची नाही, हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ह्या तिघांनाच माहीत. ते फुटलं म्हणजे टीम फुटली.

आणि मग पावण्याचं प्रमोशन झालं.

पावणं म्हणजे आमचे असिस्टंट कोच. जन्म रस्त्यापलीकडच्या पेठेतला, पोरवयात खेळले पण त्यांच्याकडूनच. मग आमच्या पेठेतली मुलगी केली, ती एकुलती एक, म्हणून सासऱ्याच्या घरी राहायला आले. त्याला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं ह्या माणसानं चेंडूत हवा भरली, मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, पोरांच्या घोट्याला बर्फ लावला. कुणाचा गुडघा कुठल्या थंडीत दुखतो हे त्या पोराच्या आईला माहीत नसायचं, पावण्यांना असायचं. बोलणं कमी, आवाज बारीक. मोठे कोच काळा चष्मा लावून बाकावर बसायचे आणि ओरडायचे. पावणं पाण्याच्या बाटल्या घेऊन मागं उभे. पेठेत सगळे हाक मारायचे, "ओ पावणं!" आणि ते "जी" म्हणून वळायचे.

ऐन हंगामात मोठे कोच दुसऱ्या गावच्या क्लबाला निघून गेले. अध्यक्षांनी तालमीत जाहीर करून टाकलं, "बाहेरनं कशाला आणायचं? घरातलाच माणूस हाय."

"कुठल्या घरातला?" मागनं आवाज आला. कोण ते वळून बघायची गरज नव्हती, चेकरच.

बघा, आमच्या गावात कुणाची दूध संस्थेच्या उपाध्यक्षपदी निवड झाली तरी चौकात अभिनंदनाचा बोर्ड लागतो. कुत्र्याच्या वाढदिवसाचे बोर्ड मी स्वतः छापलेत. पण पावणं कोच झाले आणि माझ्याकडं एक माणूस ऑर्डर घेऊन आला नाही. तालमीच्या ग्रुपवर अध्यक्षांनी बातमी टाकली, त्याखाली कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. थोड्या वेळानं एकानं गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' टाकलं, तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

कट्ट्यावर मात्र तोंडं सुटली होती.

"चौदा वर्सं हवा भरली म्हणून कोच व्हतोय व्हय? मग पंक्चरवाल्याला करा की!"

"आवो, पण पोरांना शिकवतंय कोण? हेच की."

"शिकवू दे. पण रस्त्यापलीकडं आई ऱ्हाती त्याची. दर गुरुवारी डबा घेऊन जातोय. डब्यातनं काय जातंय बघितलंय कुणी?"

चेकर सुपारी कातरत ऐकत होते. अडकित्ता थांबवून एवढंच म्हणाले, "चौदा वर्सं दोन नंबरला बसला. कधी मला वर घ्या म्हटला न्हाय, कधी रुसला न्हाय. का रं? असं कोण बसतंय व्हय?" मागितलं असतं तर हावरा म्हणाले असते. मागितलं नाही तर भानगड. ह्या माणसानं करायचं तरी काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण बोललो नाही. मला तिथंच वडा खायचा होता.

पुढच्या गुरुवारी चेकर दुकानात आले. "गाडी काढ. डब्याच्या मागं जायचंय." मी मशीन बंद केलं. पावणं सायकलवर पुढं, आम्ही स्कूटरवर मागं, ती पण रेंगाळत. रस्ता ओलांडला, दोन गल्ल्या गेल्या, एका कौलारू खोलीपुढं पावणं उतरले. आम्ही समोरच्या गिरणीच्या आडोशाला उभे. दार उघडंच होतं. आत खाटेवर एक म्हातारी, हाडांचा सापळा. पावण्यांनी तिला उठवून भिंतीला टेकवलं, डब्यातली आमटी-भाकरी कुस्करली आणि एक एक घास भरवायला लागले. मधेच तिच्याच पदरानं तिचं तोंड पुसलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "चला मालक. आईच हाय."

चेकरनी गिरणीच्या आडून मान आणखी पुढं काढली. मग म्हणाले, "आईच हाय कशावरनं?"

मी स्कूटरला लाथ मारली.

तोवर टीम जिंकायला लागली. एक मॅच, दोन, तीन. पावणं ओरडत नव्हते, बाकावरून उठून लायनीपाशी जायचे आणि पोराच्या कानात काहीतरी सांगून यायचे. पोरं पळायची पण कशी, नाद खुळा! दुसऱ्या कुठल्या गावात असता तर खांद्यावर घेतला असता. आमच्या पेठेत संशय वाढला. "आत्ता जिंकायचं आन फायनलला घालवायचं, ही जुनी पद्धत हाय," चेकर म्हणाले आणि कट्ट्यानं माना हलवल्या. मीही हलवली. सगळे हलवतात तेव्हा मान आपोआप हलते.

फायनल आली ती रस्त्यापलीकडच्या पेठेशीच.

आमचा नऊ नंबर म्हणजे टीमचं इंजिन. फायनलच्या चार दिवस आधी सरावात त्याचा घोटा सुजला. 'किरकोळ हाय, खेळणार त्यो' असं पोरांना सांगून पावण्यांनी खरी गोष्ट मुठीत दाबून ठेवली. त्यांचा डाव असा: नऊ नंबर खेळणार नाही, पण हे समोरच्यांना शिट्टी वाजेपर्यंत कळता कामा नये. त्यांचे दोन तगडे गडी नऊ नंबरला अडवायलाच मागं थांबणार, तेवढ्या वेळात आपण दुसऱ्या बाजूनं घुसायचं. आदल्या संध्याकाळी तालमीत जर्सी मांडल्या. नऊ नंबरची मांडली नाही. अध्यक्षांनी हार घातला, चेकरनी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅलरीत जाऊन बसलो. टीम अजून मैदानात उतरली नव्हती. आणि समोरची गॅलरी उठली. हलगीच्या ठेक्यावर, टाळ्या पिटत, हजार माणसं एका सुरात: "नऊ नंबर लंगडा! नऊ नंबर लंगडा!"

आमच्या गॅलरीतल्या माना एकदम बाकाकडं वळल्या. बाकापाशी पावणं उभे होते. त्यांच्या हातातली बाटली खाली पडलेली मी बघितली.

समोरच्यांनी नऊ नंबरसाठी गडी मागं ठेवलेच नाहीत, दोघांना पुढं चढवलं. दोन-शून्य. आम्ही झेंडे गुंडाळून घरी आलो. पेठेत त्या संध्याकाळी चुली पेटल्या असतील तर शेजाऱ्याला कळू न देता पेटल्या असतील. एकच नाव सगळ्यांच्या तोंडात होतं. तालमीत माहीत होतं तिघांना. अध्यक्ष फोडणार नाहीत, चेकर फोडणार नाहीत. राहिलं कोण? आणि त्याची आई कुठं राहते? दुसऱ्या दिवशी पाच वाजता तालमीत बैठक लावली. कशाला लावली ते पोरासोरांनाही माहीत होतं. पावण्याला काढायचा, आणि असा काढायचा की गावात कुठल्याच तालमीनं पुन्हा दारात उभा करू नये.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास माझ्या दुकानात एक माणूस आला. रस्त्यापलीकडचा. माझ्या ओळखीचा. त्यांच्या पेठेतल्या छपाईवाल्याचं मशीन बिघडलेलं, आणि विजयाचा बोर्ड तर संध्याकाळच्या आत चौकात पाहिजे. म्हणाला, "गुपचूप करून द्या की राव. खाली तुमच्या दुकानाचं नाव टाकू नका, म्हंजे झालं."

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि काम घेतलं. होय, घेतलं. आमच्या पेठेचं सुतक चालू असताना त्यांच्या विजयाचा बोर्ड मी माझ्या हातानं छापला. धंदा आहे, असं मी मनाला सांगितलं. मनानंही ऐकून घेतलं.

मशीन चालू होतं, तो बाकावर बसून हसत होता. मी म्हटलं, "काय हसताय? आमच्या माणसानं सांगितलं म्हणून जिंकलासा, न्हायतर..."

"कुठल्या माणसानं?"

"पावण्यानं."

तो आणखीनच हसायला लागला. "अहो, कुठलं पावणं? त्यो माणूस आमच्या गल्लीत आला तर मान वर करत न्हाय. तुमचा तो म्हातारा न्हाय का, सुपारीवाला? परवा दिवे लागल्यावर आमच्या चहाच्या गाड्यावर आलता. च्या घेतला आन मला इचारतोय, 'नऊ नंबर उद्या न्हाय, ह्ये तुमाला कुणी सांगितलं?' मी म्हटलं, आमाला कुठं काय माहीत! तर म्हणतोय, 'बरं बरं, कळलं न्हाय म्हंजे अजून.' आन गेला की खुशाल!"

सगळं डोळ्यापुढं दिसलं. चेकर कुलूप लावून तडक रस्ता ओलांडून गेले होते, पावण्यानं टीम फोडली का ते तपासायला. आणि तपासलं कसं, तर जन्मभर जसं तपासलं तसंच. समोरच्याला सगळं माहीत आहे असं धरून विचारलं. एसटीत हे चाललं, कारण तिथं चोरी आधीच झालेली असायची. इथं ह्यांनी विचारलं म्हणूनच टीम फुटली.

बोर्ड गुंडाळून त्याला मागच्या दारानं वाटेला लावलं आणि मी जिना चढून वर गेलो. चेकर जेवून खिडकीत बसले होते. बोर्डाचं तेवढं सोडून मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. मला वाटलं आता हबकतील, नाहीतर 'खोटं हाय' म्हणून अंगावर येतील. त्यांनी डोळा बारीक केला.

"किती बोर्ड करून दिलेस त्याला?"

"एकच," मी म्हटलं.

झालं. गेलो. जीभ चावली, पण ती कधी चावायची असते! पलीकडचा माणूस खरंच येऊन गेला, ह्याचं तिकीटच मी चेकरच्या हातात दिलं होतं. मग त्यांनी सुपारी खाली ठेवली, अडकित्ता मिटला आणि हळूच म्हणाले, "म्हंजे मीच." काकू आतून विचारत होत्या काय झालं म्हणून. ह्यांनी टोपी घातली आणि पाच वाजायची वाट बघत बसून राहिले.

तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. पावणं मारुतीच्या बाजूला उभे होते, हात जोडलेले. बायको दाराबाहेर बाकीच्या बायकांत, पण तिच्या आजूबाजूला कुणी उभं नव्हतं. एकेक जण उठून बोलत होता, आणि काय काय बोलत होता ते मी इथं लिहीत नाही. पावणं एवढंच म्हणत होते, "मारुतीची शप्पत घेतो. मी न्हाय सांगितलं." चौदा वर्षांत त्यांनी तालमीकडं मागितलेली ही एकच गोष्ट. माझं खरं माना, एवढीच.

तेव्हा चेकर उठले. किल्ली काढून अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली. "त्या बिचाऱ्याला सोडा. मी फोडली टीम. परवा च्याच्या गाड्यावर जाऊन मीच बोललो."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळेच.

"काय चेकर, वय झालं तुमचं!"

"पावण्यानं काकूंना दवाखान्यात न्हेलं हुतं की मागं, त्याची परतफेड चाललीया!"

"पावण्यानं भरीला घातलंय म्हाताऱ्याला. बघा बघा, काय चाल हाय!"

"आरं खरं सांगतोय मी!" चेकरचा आवाज चिरकला. "माझ्या तोंडानं गेलं! मी इचाराय गेलतो!" जितकं ओरडून सांगत होते तितकी माणसं जास्त बारीक डोळे करून बघत होती. ती नजर त्यांचीच होती. वर्षानुवर्षं ग्राउंडला पाठ करून बसून त्यांनीच ती आम्हाला लावली होती.

मग त्यांनी गर्दीत मला शोधलं. माझ्याकडं बोट केलं. "ह्याला इचारा. पलीकडचा माणूस दुपारी ह्याच्या दुकानात येऊन सांगून गेलाय. ह्याला समदं ठाव हाय."

सगळी तालीम माझ्याकडं वळली. अध्यक्ष म्हणाले, "काय रं? आलता का कोण तुझ्याकडं?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. कशाला आलता? आणि त्या वेळी बाहेर, रस्त्यापलीकडच्या चौकात, माझ्या मशीनवरचा बोर्ड चढत होता. पावणं माझ्याकडं बघत होते. चेकर बघत होते.

मी म्हटलं, "न्हाय. माझ्याकडं कोण न्हाय आलं."

चेकरनी एक शब्द जरी काढला असता बोर्डाचा, तर माझा धंदा, माझी पेठ, सगळं त्या संध्याकाळी संपलं असतं. त्यांनी काढला नाही. का नाही काढला, हे मला आजही माहीत नाही. दोन पावलं मागं सरकले आणि भिंतीला टेकून खाली बसले. तेव्हा पावणं पुढं आले, वाकले, आणि चेकरच्या पायावर डोकं ठेवलं. "काका, तुमी माझ्यासाठी एवढं केलंसा, बास झालं. आता बोलू नका." त्यांनाही ते खोटंच वाटलं होतं. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी मारुतीपुढं ठेवली आणि बायकोला घेऊन गर्दीतून निघून गेले.

अध्यक्षांनी किल्ली उचलून पुन्हा चेकरच्या हातात दिली. म्हणाले, "तुमच्याशिवाय इस्वास ठेवायचा कुणावर?"

पावण्यांनी त्याच महिन्यात पेठ सोडली. आता वारणानगरला एका शाळेत खेळ शिकवतात. गावातल्या एकाही तालमीनं त्यांना परत उभं केलं नाही. चेकर त्यानंतर ग्राउंडवर गेले नाहीत. दुकानाच्या दारात बसायचे, पण मला कधी काही विचारलं नाही. दूधवाल्यालाही नाही. एखाद्यानं मला शिव्या दिल्या असत्या, दुकान खाली कर म्हटलं असतं, तर मी सुटलो असतो. त्यांनी ते पण केलं नाही.

चेकरच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर पावणं आले. केस पांढरे झालेत. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ पायरीवर बसले, आणि लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "अख्ख्या पेठेत माझ्यासाठी खोटं बोलणारा ह्यो एकच माणूस हुता. तुमी तर शेजारीच ऱ्हायलासा. मला सांगा, एवढं कशापाय केलं असंल त्यांनी?"

घाटावर आम्ही दोघंच होतो. पेठेतलं कुणी ऐकायला नव्हतं. तो विजयाचा बोर्डही कधीच उतरला होता. मी तोंड उघडलं.

"लई जीव हुता त्यांचा तुमच्यावर," मी म्हटलं.